आठवण ठेवणारी गाय

सित्त दौलतला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती बाळंतिणींच्या वॉर्डाच्या मधोमध उभी राहून ओरडत होती. मला वाटलं, कोणाशी तरी जुंपलंय. मी नुकतीच कुवेतला आलेली, माझं अरबी नमाजापुरतं, त्यामुळे एक अक्षर कळेना. आमचे हे मीना अल-अहमदीला जेटीवर टॅली क्लार्क होते. मी रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात सुईणपणाचा कोर्स केलेला, म्हणून या इस्पितळात नोकरी लागली. पहिल्याच दिवशी हा तमाशा पाहून मी दाराशीच थबकले. शेजारची मलबारी नर्स हसली आणि हिंदीत म्हणाली, "डरो मत. झगडा नहीं है. दूध जाहीर कर रही है."

दूध जाहीर करणं म्हणजे काय ते सांगायला हवं. आम्हा मुसलमानांत दुधाचं नातं रक्ताइतकंच पक्कं असतं. परक्या बाईने मूल पाजलं की ती त्याची आई झाली, तिची मुलं त्याची भावंडं झाली, आणि भावंडांची लग्नं होत नाहीत. आम्ही कोकणातले शाफई पंथाचे. आमच्याकडे पाच वेळा पोटभर पाजलं तर नातं लागतं, चारपर्यंत लागत नाही. काही लोक एकदा पाजलं तरी धरतात, पण अरबस्तानातल्या नज्दकडून कुवेतला आलेल्या पुष्कळ घराण्यांत आमच्यासारखी पाचाचीच रीत. आता वॉर्डात काय व्हायचं, एखादीला ताप भरायचा, एखादीला दूध उतरायचं नाही, मग शेजारच्या खाटेवरची मूल ओढून घ्यायची. त्या वेळी कोण मोजतंय? दौलत मोजायची. नुसतं मोजून थांबायची नाही, मुलाचं, बापाचं, आज्याचं नाव घेऊन, व्हरांड्यात बसलेल्या सासवांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची. "ऐका गं! अमक्याच्या नातवाने तमकीचं दूध प्यायलं. आज दुसरी वेळ!"

मला ते भारी चमत्कारिक वाटलं. एवढं गावभर करायचं काय कारण, कानात सांगावं की. मी तसं नंतर, अरबी जमायला लागल्यावर, तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "कानात सांगितलेलं कानातच मरतं."

दौलत मिसरची, म्हणजे इजिप्तची. सित्त म्हणजे बाई. आमच्या गावी दौलत पुरुषाचं नाव, त्यामुळे घरी मी तिच्याबद्दल सांगायला लागले की हे म्हणायचे, "काय म्हणतात आज दौलतराव?" ठेंगणी, रुंद, चालताना डावीकडे झुकणारी. मूल हातात घ्यायच्या आधी त्याची टाळू हुंगायची. मुलगा असो की मुलगी, सगळ्यांना "या बाशा" म्हणायची, जसे काही सगळे सरदारच जन्माला येत होते. काळ्या चहात चार चमचे साखर, आणि ड्यूटी संपली की बादलीत पाय सोडून मागच्या ओट्यावर बसणं, एवढीच तिची चैन. डब्याच्या दुधाचा तिला मनस्वी राग. "डब्याला आई नसते," म्हणायची, आणि डबा कपाटात मागे सारायची. डॉक्टरसाहेब आले की तोच डबा पुढे काढायची, तेवढी ती शहाणी होती.

तिची एक जाड पुठ्ठ्याची वही होती. एका मुलाला एक पान. वर मुलाचं नाव, खाली पाजणारीचं, आणि खाली रेघा. चार उभ्या, पाचवी आडवी, त्या चारांना छेदून जाणारी. आमचे हे जहाजावरची पोती तशीच मोजायचे, म्हणून मला ती खूण पाहिल्याबरोबर कळली. पण प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक चित्र असायचं, ते काही कळेना. दोन शिंगं आणि शिंगांच्या मध्ये गोल. मी विचारलं, "हे काय, बैल?"

"गाय," ती म्हणाली. "आमच्या गावची. देवी होती."

मी तौबा तौबा म्हणाले. वहीत आमच्या नबीच्या शरियतीचा हिशेब आणि डोक्यावर मूर्तिपूजकांची गाय! दौलत पाय बादलीत हलवत हसली. "मी तिला पूजते थोडीच? आमच्या गावची आहे. शेजारीण म्हणून ओळख देते."

त्या देवीची हकिगत तिने मला कितीदा सांगितली असेल, पण पहिल्यांदा सांगितली ती बाहेर धुळीचं वादळ चालू असताना, दुपारी, खिडक्यांना ओली फडकी लावून आम्ही बाटल्या उकळत बसलो होतो तेव्हा. तिच्या गावाशेजारी मातीचं मोठं टेकाड होतं. खाली जुनं शहर गाडलेलं. दौलतचा नवरा त्या टेकाडावर सरकारी राखणदार होता. लोक शेतात टाकायला तिथली माती गाढवांवर भरून न्यायचे, आणि मातीतून कधी मणी निघायचे, कधी गाईचं डोकं कोरलेले दगडाचे तुकडे. उत्खनन खात्याचा एक म्हातारा साहेब यायचा. त्याने नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने दौलतला. देवीचं नाव सेखत-होर.

"हाथोर नावाची गाय सगळ्यांना ठाऊक," दौलत म्हणाली. "तिची मोठमोठी देवळं. परदेशातून लोक येतात बघायला. आमचीला कोणी विचारत नाही. आमची लहान गावातली, दाईचं काम करणारी."

होर म्हणजे त्यांच्या जुन्या धर्मातला देवांचा राजपुत्र. त्याच्या बापाला त्याच्या चुलत्याने मारलं. आईने तान्ह्या पोराला नदीच्या दलदलीत, लव्हाळ्यांत लपवलं. पण आई तिथे किती वेळ बसणार? पोटासाठी तिला गावोगाव मागायला जावं लागे. मग पोराला पाजायचं कोणी? या गाईने पाजलं. पुढे होर मोठा झाला, चुलत्याशी लढला, राजा झाला. सेखत-होर या नावाचा अर्थच मुळी, होरची आठवण ठेवणारी.

"आणि मग गाईचं काय झालं?" मी विचारलं.

"तेच तर मी म्हाताऱ्या साहेबाला विचारायला लावलं नवऱ्याला," दौलत म्हणाली. "तिने पोराची आठवण ठेवली, हे तिच्या नावातच आहे. पोराने तिची ठेवली का? साहेब म्हणाला, तसं कुठे लिहिलेलं मिळालं नाही."

मी तिला आमच्या आळीतल्या गुलाबकाकूंच्या वसुबारसेचं सांगितलं. त्या दिवशी त्या गाय-वासराची पूजा करायच्या आणि दिवसभर दुधाला, तुपाला शिवायच्या नाहीत. मी लहानपणी भिंतीवरून बघायचे. दौलतने बाटली खाली ठेवली. "त्या दिवशी सगळं दूध वासराला?" मी म्हटलं, तसं काही मला ठाऊक नाही बाई, पण असेलही. तिला ते फार आवडलं. मग दर वर्षी विचारायची, तुमच्या काकूंचा गाईचा दिवस आला का.

आमची मेट्रन स्कॉटलंडची, शिस्तीची. तिने एकदा ती वही जप्त केली. इस्पितळाचं दफ्तर नाही, नियमात बसत नाही, इत्यादी.  पुढच्या महिन्यात दोन घरांतल्या आज्या वॉर्डात येऊन हमरीतुमरीवर आल्या, कोणाच्या मुलाला कोणी पाजलं यावरून. मेट्रनला काही उमजेना. दौलत तिच्यासमोर हात बांधून शांत उभी. शेवटी मेट्रनने खण उघडला आणि वही तिच्या हातात दिली. दौलतने पान काढलं, वाचलं, दोन्ही आज्या निमूट घरी गेल्या. त्यानंतर वहीला कोणी हात लावला नाही.

तिचं स्वतःचं मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी. नवरा पोटाच्या दुखण्याने गेला. त्याच उन्हाळ्यात तीन महिन्यांचा मुलगा हगवणीने गेला. तिने अलेक्झांड्रियात सुईणीचं शिक्षण घेतलेलं होतं. कुवेतला नर्सा हव्यात असं कळलं, तशी ती निघून आली. आली तेव्हा तिचं दूध आटलेलं नव्हतं. वॉर्डात पहिल्याच आठवड्यात एका व्यापारी घरातली बाई बाळंत झाली आणि तिला असा ताप चढला की चाळीस दिवस शुद्धीत येईना. मुलाला दौलतने पाजलं. त्याचं नाव बद्र.

मी बद्रला पाहिलं तेव्हा तो चार वर्षांचा होता. ईदच्या दुसऱ्या दिवशी त्याची आई त्याला घेऊन नर्सांच्या क्वार्टरवर यायची. पोरगं पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा घालून आत धावायचं आणि "यम्मा" म्हणून दौलतच्या मांडीत तोंड खुपसायचं. त्याची आई भली बाई. तिला कधी वाईट वाटलं नाही. "दोन आया आहेत माझ्या पोराला," म्हणायची. पुढे तो एकटा येऊ लागला. मिसरूड फुटलं तरी दौलतच्या कपाळाचं चुंबन घेतल्याशिवाय बसायचा नाही. ईदच्या आधी चार दिवस दौलत आमच्या घरच्या भट्टीवर खजुराची कहक नावाची बिस्किटं भाजायची. मी चिडवायचे, "लेकासाठी चाललंय," तर म्हणायची, "मग? शेजाऱ्यासाठी भाजू?" तिच्या तोंडावर तेव्हा जे असायचं ते मी कधी विसरणार नाही. या जगात तिला यम्मा म्हणणारं ते एकच माणूस होतं.

बद्र सतरा वर्षांचा झाला तेव्हा त्याचं लग्न ठरलं. चुलत्याची मुलगी, मुनीरा. दोघं एका अंगणात खेळलेली, एकमेकांना आवडणारी. घरातल्या बायकांचा चहा होता. मुलाची दूधआई म्हणून दौलतला मानाचं बोलावणं आलं. तिने नवा काळा रेशमी झगा शिवला आणि सोबत म्हणून मला नेलं. दारात बद्रच्या आईने मिठी मारली. आत गेलो, मुलीची आई समोर आली. लुलवा तिचं नाव. दौलतने तिला पाहिलं आणि माझा हात घट्ट धरला. लुलवाचाही चेहरा उतरला.  कहवा आला, तो दौलतने प्यायला नाही.

क्वार्टरवर आल्यावर तिने पेटीतून सगळ्यात जुनी वही काढली. त्यात मधलं एक पान. मुनीराचं नाव. पाजणारीच्या जागी दौलत. चार उभ्या रेघा, एक आडवी.

बद्र जन्मला त्यानंतर तीन आठवड्यांनी लुलवा त्याच वॉर्डात बाळंत झाली होती; ती बद्रच्याच घरची, हे दौलतला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिला छातीला गळू झालं, पाजता येईना. वय जेमतेम सोळा, सासू कडक. मुलीला पाजता येत नाही म्हणून घरात छी थू होईल, कोणाला सांगू नकोस, असं ती दौलतच्या पाया पडून म्हणाली. आणि दौलत, नवीन आलेली, स्वतःच्या दुःखात बुडालेली, कबूल झाली. पडदा लावून पाजलं. कोणाला कळलं नाही. "म्हणून त्यानंतर मी ओरडायला लागले," दौलत म्हणाली. मग मला मी चौदा वर्षं ऐकलेला तो आरडाओरडा कळला.

दोघांनीही दौलतचं दूध प्यायलेलं. म्हणजे बद्र आणि मुनीरा दूधभाऊ-बहीण. आणि ही गोष्ट त्या घरात लुलवाशिवाय कोणाला ठाऊक नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी लुलवा इस्पितळात आली. मागच्या ओट्यावर, माझ्यासमोरच, दौलतच्या पायाशी बसली. तिने काही खोटंनाटं सांगितलं नाही. इतकंच म्हणाली, "चार म्हण. मी आजवर चारच समजत आले. आमच्यात चाराने नातं लागत नाही. पोरीने डोळ्यांत जीव आणून वाट पाहिलीय. तुझ्या वहीशिवाय हे कोणाला माहीत आहे? चार म्हण."

ती गेल्यावर दौलतने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगितलं ते लिहायला आज माझा हात जड होतो, पण सांगते. मी म्हटलं, "चार म्हण. सतरा वर्षांपूर्वीचं कोणाला आठवतंय?"

"मला," दौलत म्हणाली.

"अगं, पण पोरगा तुझ्या हातचा जाईल. तो तुला कधी माफ करणार नाही."

"ठाऊक आहे."

तीन दिवस तिने ना चहा घेतला, ना बादलीत पाय सोडले. मुलांच्या टाळू हुंगायची तेवढं सोडलं नाही. चौथ्या दिवशी वही झग्याखाली घेऊन एकटीच गेली. मी येते म्हटलं, तर नको म्हणाली. काय झालं ते नंतर बद्रच्या आईकडून कळलं. दौलतने घरातल्या आजीसमोर पान उघडलं आणि जे घडलं ते सांगितलं. लुलवाने सगळ्यांसमोर नाकबूल केलं. ही मिसरी बाई खोटारडी आहे, माझ्या मुलीवर हिचा डोळा आहे, आणखी काय काय. दौलतने उलट उत्तर दिलं नाही. आजी म्हणाली, शंका आली तिथेच संपलं, भावा-बहिणीचा संसार मला या घरात नको. लग्न मोडलं. मुनीराला सहा महिन्यांत दुसरीकडे दिली.

बद्र एकदा आला. ईद नव्हती. दौलत वॉर्डातून बाहेर आली, हात पुसत, त्याच्याकडे बघत. तो चार हातांवर उभा राहिला. कपाळाला ओठ लावायला पुढे झाला नाही. म्हणाला, "सिस्टर, आजीच्या गोळ्या न्यायच्या होत्या." सगळे रोगी आम्हाला सिस्टरच म्हणतात, त्यात वावगं काही नव्हतं. दौलत आत गेली, गोळ्या आणल्या, कशा घ्यायच्या ते दोनदा समजावून सांगितलं. तो मान हलवून गेला. मला इतका राग आला होता की त्याच्या मागे जाऊन दोन शब्द सुनवावेत. दौलतने माझं मनगट धरलं. "त्याचं बरोबर आहे," म्हणाली. "मी त्याची आई आहे म्हणून तर ती त्याला मिळाली नाही. आता त्याने मला त्या नावाने हाक कशी मारायची?"

पुढच्या ईदला तिने बिस्किटं भाजली.  ताट टेबलावर मांडून, नवा काळा झगा घालून ती दिवसभर बसली. दुपारी बद्रच्या आईचा ड्रायव्हर कापड आणि खजूर देऊन गेला. बद्र शिकायला लंडनला गेलाय, एवढाच निरोप. संध्याकाळी ताट आमच्या मुलांना दिलं.

त्यानंतर ती वॉर्डात कधी ओरडली नाही. वहीत लिहायची, रेघा मारायची, पण जाहीर करायचं काम माझ्याकडे सोपवलं. मला तिचा आवाज कुठला यायला. पुढच्या वर्षी करार संपला, तिने नवा केला नाही. गावी भावजय आहे, तिच्याकडे राहीन म्हणाली. वह्या सगळ्या माझ्या ताब्यात दिल्या, फक्त पहिली सोबत नेली.

विमानतळावर मीच सोडायला गेले होते. सकाळची वेळ, सुट्टीवर निघालेल्या मिसरी मास्तरांची, त्यांच्या बायकापोरांची हीऽ गर्दी. आम्ही दोघी बाकावर बसलो.  मी उगाच म्हटलं, "तू खरं केलंस. अल्लाकडे तुझा हात वर आहे."

 ती म्हणाली, "हमीदा, चौथ्या वेळेनंतर लुलवाचं गळू फुटलं होतं. तिला दूध यायला लागलं होतं. पोरगी पोटभर पिऊन झोपली होती. पाचव्यांदा पाजायची काही गरज नव्हती."

मला कळेना. मी म्हटलं, "मग?"

"मग मी तिला उचललं आणि उठवून पाजलं. पाचाने काय होतं ते मला ठाऊक होतं. बद्र मुलगा झालाच होता. मला एक मुलगीही हवी होती." तिने तोंडावरून हात फिरवला. "ती रेघ मारताना मला फार आनंद झाला होता."

 मी तिचा हात धरून बसले. 

विमानाची घोषणा झाली. ती रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्या पुढे एक तरुण बाई होती, कडेवर तान्हं मूल, खांद्याला पिशवी, पासपोर्ट कुठे खाली गेलेला. मूल रडत होतं. बाईने मागे वळून पाहिलं, दौलतसारखी प्रेमळ, वयस्क बाई दिसली, आणि अगदी सहज मूल तिच्यापुढे केलं, जरा धरता का म्हणून.

दौलतने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

बाई गोंधळली. दौलत मान हलवून नाही म्हणाली, आणि रांगेत एक पाऊल मागे सरकून उभी राहिली.